आभाळ फुकट, जमीन महाग: समुद्राकाठी विमानतळ कसा उभा राहतो

"तिकडं खाडीत भराव टाकून विमानतळ करायलेत, अन् आपल्याकडं एवढं माळरान पडलंय की!" ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा सोलापुरात या अर्थाची वाक्यं बरीच कानावर पडली. त्यातली तक्रार बाजूला ठेवली तरी मागे एक खरा प्रश्न उरतो. कोरडी, कठीण, सपाट जमीन उपलब्ध असताना माणसं चिखलात, खारफुटीत नाहीतर कड्याच्या टोकावर विमानतळ का बांधत असतील?

याचं उत्तर जमिनीकडे पाहून मिळत नाही, वर पाहावं लागतं. विमानतळाच्या कुंपणाच्या आत जेवढी जागा लागते, त्याच्या कित्येक पट मोकळी हवा कुंपणाबाहेर लागते. आणि ती सातबाऱ्यावर कुठेच दिसत नाही.

नियम असा आहे. मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटर पुढे गेलं की एक अदृश्य उतार सुरू होतो. दर ५० मीटरला तो १ मीटर वर चढतो. म्हणजे टोकापासून साधारण एक किलोमीटरवर जेमतेम २० मीटर उंचीचं बांधकाम चालतं, त्याच्या वर काही गेलं की ते अडथळा ठरतं. पुढे हा उतार बदलत बदलत एकूण १५ किलोमीटरपर्यंत मोजला जातो. शिवाय धावपट्टीभोवती चारही बाजूंनी सुमारे ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटर उंचीवर एक सपाट छत धरलेलं असतं. त्या छतातून इमारत, मनोरा, चिमणी, काहीही वर डोकावता कामा नये.

आता सोलापूरच्या होटगी रोडवर या. इथल्या विमानतळाजवळ सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उभी होती, उंची सुमारे ९० मीटर. छत ४५ मीटरचं आणि चिमणी त्याच्या दुप्पट! त्या चिमणीपायी शहरात किती राजकारण झालं, किती मोर्चे निघाले, हे सोलापूरकरांना सांगायला नको. शेवटी १५ जून २०२३ रोजी ती पाडली आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याचं नियमित विमान सुरू झालं. मधल्या काळात विमानतळाचं नूतनीकरण झालं, परवाने आले, सगळं खरं. पण शहराने विमानतळाला हळूहळू वेढलं की काय होतं, याचं याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. यात कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांचा राग मला अगदी समजतो. ज्या चिमणीतून त्यांच्या उसाचे पैसे निघायचे, ती कुणाच्या तरी विमानासाठी गेली. पण भूमिती कुणाची बाजू घेत नाही.

समुद्राकडे तोंड असलेल्या धावपट्टीला ही कटकट निदान एका बाजूने नसते. पाण्यावर कुणी गृहनिर्माण सोसायटी काढत नाही. आज मोकळी असलेली बाजू चाळीस वर्षांनीही मोकळी राहणार, ही खात्री जमिनीवर कुठेच मिळत नाही. विमानाचा आवाजही बराचसा पाण्यावर विरतो. जहाजांची डोलकाठी आणि बंदरातल्या क्रेन यांचा हिशेब करावा लागतो, पण तो करता येतो. समुद्र आभाळ असं फुकटात देतो आणि त्याचे पैसे जमिनीतून वसूल करतो. या लेखात पुढे जे काही आहे, ते त्या वसुलीबद्दल.

त्याआधी किनाऱ्याचा आणखी एक फायदा सांगतो, कारण तो आपल्या उन्हाशी थेट जोडलेला आहे. हवा विरळ असेल तर पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, आणि विमानाला जास्त पळावं लागतं. हवा दोन कारणांनी विरळ होते, उंचीने आणि उष्णतेने. धावपट्टीची लांबी ठरवताना ढोबळ नियम असा: समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के लांबी वाढवा, आणि त्या उंचीला प्रमाण मानलेल्या तापमानापेक्षा जितके अंश जास्त, तितके टक्के आणखी वाढवा. होटगी रोडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ४८४ मीटरवर आहे. त्या उंचीचं प्रमाण तापमान येतं सुमारे १२ अंश, आणि आपल्या मे महिन्यातलं दुपारचं सरासरी कमाल तापमान ४० च्या घरात. एखाद्या विमानाला आदर्श परिस्थितीत १५०० मीटर धावपट्टी लागत असेल, तर सोलापुरात ती २१३५ मीटरच्या आसपास जाते. कोकणच्या किनाऱ्यावर, ६० मीटर उंची आणि ३३ अंश तापमान धरलं, तर तीच १८०० मीटरमध्ये भागते. फरक तीनशेहून जास्त मीटरचा! ही वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली तर ढोबळ नियमावर विसंबू नका, स्वतंत्र अभ्यास करा, असं त्याच नियमात म्हटलं आहे. सोलापूरची वाढ ४२ टक्के निघते. आपला उन्हाळा नियमाच्या पुस्तकातही मावत नाही.

धावपट्टी कुठल्या दिशेला ठेवायची हे वारा ठरवतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि चढतं, आडवा वारा त्याला सोसत नाही. म्हणून निदान पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी काढून अशी दिशा निवडतात, की ९५ टक्के वेळा आडवा वारा मर्यादेच्या आत राहील. धावपट्टीवर रंगवलेले आकडे म्हणजे ही दिशाच असते, अंशांतला शेवटचा शून्य काढून. सोलापूरची धावपट्टी १५/३३, म्हणजे साधारण वायव्य-आग्नेय. मुंबईची मुख्य धावपट्टी आणि सिंधुदुर्गात चिपीची, दोन्ही ०९/२७, सरळ पूर्व-पश्चिम. पावसाळी वारा कोकणात पश्चिमेकडून घुसतो, त्याच्या तोंडावर धावपट्टी आखली की काम होतं.

आता जमीन.

कोकणच्या किनाऱ्यावर विमानतळाला दोन प्रकारची जागा मिळते आणि दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एक म्हणजे खाडीकाठची सखल, चिखलाची जमीन. दुसरी म्हणजे सडा, जांभ्या दगडाचं उंच सपाट पठार. नवी मुंबईचा विमानतळ पहिल्या प्रकारचा, चिपीचा दुसऱ्या.

खाडीचा चिखल फसवा असतो. वरून वाळल्यावर माणसाला चालता येतं, पण खाली दहा-दहा मीटर जाडीचा मऊ थर आणि त्यात ठासून भरलेलं पाणी. त्यावर भराव टाकला की पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन खचत जाते. चक्का बांधताना फडक्यातल्या दह्यावर वजन ठेवतो, तसंच हे. फक्त इथे फडकं कित्येक किलोमीटर पसरलेलं आहे आणि चिखल इतका बारीक आहे, की पाणी निघायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर थांबायला कुणाला वेळ नसतो. म्हणून पाण्याला वाट जवळ करून देतात. साधारण १० सेंटीमीटर रुंदीची, काही मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची पट्टी, बाहेरून गाळणीचं कापड लावलेली, यंत्राने उभी चिखलात खुपसतात. एक-दीड मीटरवर दुसरी, मग तिसरी, अशा लाखोंनी. वर मुद्दाम जास्तीचा भराव रचतात. दाबाखाली आलेलं पाणी जवळच्या पट्टीत शिरतं, वर येतं, बाहेर निघतं.

यामागचं गणित मला फार आवडतं. पाण्याला बाहेर पडायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर निम्मं केलं तर वेळ पाव होतो. दहा मीटरचा थर आहे आणि पाण्याला फक्त वरून वाट आहे, तर तळाच्या पाण्याला दहा मीटर चालायचं. एकेक मीटरवर पट्ट्या बसवल्या की त्याला आडवं अर्धाच मीटर जायचं. अंतर वीसपट कमी, वेळ कागदावर चारशेपट कमी. जे काम कित्येक दशकं चाललं असतं ते काही महिन्यांत उरकतं. भरावात लोखंडी चकत्या पुरून ठेवतात आणि त्या किती खाली गेल्या ते नियमित मोजतात. खचणं थंडावलं की वरचं जास्तीचं वजन काढून घेतात आणि मगच धावपट्टीच्या थरांना हात लावतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, दोन वर्षं झाली, नुसती माती टाकतायत आणि काढतायत! ठेकेदार पैसे खातोय अशी कुजबुज सुरू होते. कधी खात असेलही, पण खाडीकाठी माती टाकून काढणं हेच खरं काम असतं.

आणि हे सगळं करूनही चिखल हिशेब चुकवतो. जपानमध्ये ओसाकाच्या उपसागरात, सुमारे १८ मीटर खोल पाण्यात, कृत्रिम बेट तयार करून कानसाई विमानतळ उभारला. १९९४ साली तो सुरू झाला. वरच्या मऊ थरातलं पाणी काढायला पहिल्या बेटाखाली वाळूचे दहा लाख उभे खांब बसवले होते. त्या थराने ऐकलं. पण त्याखालचा जुना, जास्त खोल थरही बेटाच्या वजनाने दबू लागला, आणि तिथवर खांब पोचलेच नव्हते. बेट बांधायला घेतल्यापासून दहा मीटरहून जास्त खचलं आहे. टर्मिनलच्या खांबांखाली जॅक बसवलेले आहेत. एखादा भाग जास्त खाली गेला की खांब उचलून खाली पोलादी पत्रे सरकवतात. सप्टेंबर २०१८ मध्ये जेबी वादळाने समुद्राचं पाणी भिंतीवरून धावपट्टीवर आणलं आणि वादळात भरकटलेलं एक तेलवाहू जहाज बेटाला जोडणाऱ्या एकमेव पुलावर आदळलं. हजारो प्रवासी बेटावर अडकले. विमानतळ पाण्यात बांधायचा तर त्याच्याकडे जाणारा रस्ताही विमानतळाइतकाच भक्कम हवा, हे त्या दिवशी जगाने पाहिलं.

नवी मुंबईत प्रकरण इतकं टोकाचं नव्हतं, तरी सोपंही नव्हतं. तिथे जागेच्या मधोमध उलव्याची टेकडी होती. ती सुरुंग लावून फोडली आणि तिचाच दगड भरावाला वापरला. उलवे नदीचा प्रवाह वळवला. अशा जागी खरी डोकेदुखी असते ती सांध्याची: धावपट्टीचा एक तुकडा फोडलेल्या टेकडीच्या पक्क्या खडकावर, त्याला लागून दुसरा तुकडा भरावावर. सगळी धावपट्टी सारखी खचली तर फारसं बिघडत नाही. एक बाजू जागेवर राहून दुसरी बसली तर उंचवटा तयार होतो, आणि ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने पळणाऱ्या चाकांना तो चांगलाच जाणवतो.

आपल्याकडेही जमीन साळसूद नाही. काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात तिला मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. पण तिचा थर बहुतेक ठिकाणी पातळ, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. माती खरवडून काढली की पाया हाती लागतो. खाडीत तसा तळ सहज सापडत नाही. माळरानाचा हा फायदा खरा आहे, तो मान्य करायलाच हवा.

सड्याची गोष्ट निराळी. जांभा वरून कठीण, सपाट, भराव फारसा लागत नाही. चिपीला २५०० मीटरची धावपट्टी अशाच सड्यावर बसली. इथे त्रास पाण्याचा, आणि तो सोलापूरच्या माणसाला चटकन उमजत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या निदान चौपट. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यात मुरतं आणि पायथ्याच्या वाड्यांत झऱ्यांना, विहिरींना येतं. त्यावर डांबर आणि काँक्रीट पसरलं की मुरणं बंद. २५०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद धावपट्टीवर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एकट्या धावपट्टीवरून एक कोटी बारा लाख लिटरच्या जवळपास पाणी निघतं. दहा हजार लिटरचे अकराशे टँकर, तासाभरात. ते गटारांतून, तळ्यांतून सांभाळून खाली सोडलं नाही, तर लाल चिखलासकट कुणाच्या तरी काजूच्या बागेत उतरणार. आणि उन्हाळ्यात त्याच बागेची विहीर आधी आटणार.

धावपट्टीवर तरी पाणी साचू द्यायचं नसतंच. मधला भाग किंचित उंच ठेवून दोन्हीकडे उतार देतात, दीड टक्क्याचा. म्हणजे ४५ मीटर रुंदीत मध्य आणि कड यांच्यात जेमतेम फूटभर फरक. नुसत्या ३ मिलिमीटर पाण्यावरही चाकं रस्ता सोडून तरंगायला लागू शकतात, म्हणून पृष्ठभागावर आडव्या बारीक खाचा पाडतात.

पठाराचा दुसरा धोका टोकांना असतो. धावपट्टी संपते तिथे जमीनही संपते. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला अशाच पठारी धावपट्टीवरून विमान पुढे जाऊन दरीत कोसळलं, १५८ माणसं गेली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला मुसळधार पावसात तसंच घडलं. टोकापुढे मोकळा सुरक्षित पट्टा ठेवायचा असतो, २४० मीटरची शिफारस आहे. सपाट माळावर तो सहज मिळतो, सड्यावर त्यासाठी दरीत भराव घालून वर यावं लागतं.

सखल खाडीकाठी पाण्याचा प्रश्न पुन्हा उलटा होतो. पावसाचं पाणी समुद्रात सोडायचं, पण भरती असेल तर समुद्रच आत यायला बघतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळी भरती होती. मुंबईचा विमानतळ बंद पडला. म्हणून असा विमानतळ मुळातच उंच भरावावर घेतात, उंची ठरवताना मोठ्यात मोठी भरती, वादळाची लाट आणि पुढल्या काही दशकांत वाढणारी समुद्राची पातळी असं सगळं एकावर एक रचून धरतात. भरती ओसरेपर्यंत पाणी थोपवायला तळी आणि एकाच दिशेने उघडणारी दारं ठेवतात. यातलं काहीही प्रवाशाला दिसत नाही, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यातच जातो.

खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, दिवे आणि तारा लवकर खराब होतात, काँक्रीटमधल्या सळ्यांवर जाड आवरण ठेवावं लागतं. मासळी सुकवायची खळी जवळ असतील तर घारी येतात आणि विमानांना धडकू शकतात. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला नियमाने बंदी आहे, ती होटगी रोडलाही लागू आहे, हे जाता जाता लक्षात आणून देतो.

कायद्याच्या बाजूने किनारा अवघड. भरतीरेषेजवळचं बांधकाम किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत अडकतं, खारफुटीला सगळ्यात कडक संरक्षण आहे. नवी मुंबईसाठी २००९ मध्ये त्या अधिसूचनेतच दुरुस्ती करावी लागली. पर्यावरण मंजुरी २०१० च्या अखेरीस आली. गाढी नदी वळवावी लागू नये म्हणून दोन समांतर धावपट्ट्यांमधलं अंतर मूळ १८०० मीटरवरून १५५० वर आणलं गेलं. दहा गावं उठली, त्यांना विकसित भूखंडात वाटा देण्याची योजना झाली. खाडीत मासेमारी करणाऱ्याच्या नावावर मात्र सातबारा नसतो. पाण्याची भरपाई कशी मोजायची, यावर आपल्या व्यवस्थेला अजून धड उत्तर सापडलेलं नाही, असं माझं मत आहे. आणि माळरान म्हणजे मोकळी, बिनवारशी जागा असं कुणाला वाटत असेल तर त्याने सोलापूरजवळच्या बोरामणीची फाईल आठवावी. तिथल्या नव्या विमानतळासाठी शेकडो हेक्टर जमीन घेऊन झाली, आणि माळढोक पक्ष्याशी निगडित वनजमिनीच्या तुकड्यावर काम वर्षानुवर्षं अडलं.

सगळं जमून धावपट्टी तयार झाली, तरी विमान येईलच असं नाही. चिपीचं उदाहरण घ्या. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला, मुंबईची सेवा उडान योजनेतून होती. या योजनेत निम्म्या आसनांना भाड्याची मर्यादा असते आणि विमान कंपनीचा तोटा तीन वर्षं सरकार भरून काढतं. ती तीन वर्षं २०२४ च्या ऑक्टोबरात संपली आणि मुंबईचं विमान बंद पडलं. पावसाळ्यात दिसत नाही म्हणून फेऱ्या रद्द व्हायच्या. वैमानिक डोळ्यांनी बघून उतरणार असेल, तर साधारण ५ किलोमीटर तरी स्पष्ट दिसावं लागतं, आणि जुलैच्या कोकणात तेवढं दिसणं नशिबाचा भाग. त्यात जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या हद्दीत, जिल्ह्याला लागूनच, मोपाचा मोठा विमानतळ चालू झालेला. तिथून रोज कितीतरी शहरांना विमानं. सावंतवाडीच्या माणसाने चिपीच्या एका फेरीची वाट का पाहावी?

सोलापूरला मोपासारखा शेजारी नाही, पण वंदे भारत आहे, जी फेब्रुवारी २०२३ पासून साडेसहा तासांच्या आसपास मुंबई गाठते आणि थेट शहराच्या मधोमध सोडते. मुंबईचं विमान २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, त्यासाठी राज्य सरकारनेही तोटा भरून काढण्याचा निधी मंजूर केला. त्यामुळे कुणी टर्मिनल किती चकाचक झालं ते सांगायला लागला, तर त्याला दोन गोष्टी विचारा: हा निधी किती महिन्यांसाठी आहे, आणि मंगळवार-बुधवारच्या फेरीला किती आसनं भरतात. शनिवार-रविवारचा आकडा घेऊ नका, तेव्हा सगळीच विमानं भरतात.